‘बियाणे जुने होते’ या अभिप्रायास रोपवाटिकेचे उत्तर

महोदय,

आमच्याकडून नेलेले हरळीचे बियाणे हिरवळीसाठी अंगणात पेरल्यावर महिना उलटला तरी जेमतेम चार ठिकाणी उगवले, म्हणजे ते जुने होते, आणि पैसे परत करण्याऐवजी आमच्या माणसांनी आपण मारलेल्या तणनाशकावर बोट ठेवले, असे आपण लिहिले आहे.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात बाटलीवर पेंडीमेथॅलिन ३० टक्के ईसी असे स्पष्ट वाचता येते, आणि पेरणीच्या चार दिवस आधी ते फवारल्याचे आपणच सांगितले आहे. हे औषध उभे तण जाळण्यासाठी नसून तणाचे बी उगवून वर येऊ नये यासाठी असते. मातीच्या वरच्या थरात ते पापुद्र्यासारखे बसते आणि अंकुरणाऱ्या बियांच्या मुळांतील पेशींचे विभाजन थांबवते. ते बी घोळ या तणाचे आहे की पैसे मोजून आणलेल्या हरळीचे, याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. आपण उपटून दाखवलेल्या रोपांची मुळे आखूड, टोकाशी फुगीर आणि फाटे न फुटलेली आहेत. बी जुने असते तर ते मातीत तसेच पडून राहिले असते, अशी मुळे दिसली नसती.

‘फवारल्यावर थोडे दिवस थांबून पेरा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तो ग्लायफोसेट या उभे तण मारणाऱ्या औषधाचा आहे. ते हिरव्या पानांतून झाडात शिरते आणि मातीला घट्ट चिकटत असल्याने नंतर पेरलेल्या बियांना सहसा बाधत नाही. थांबायचे ते औषध तणाच्या मुळांपर्यंत उतरावे म्हणून, आणि लव्हाळा या तणाच्या जमिनीतील गाठींसाठी तर दोन आठवडे थांबलेले बरे. तणनाशक म्हटले की सगळ्यांना एकच नियम लावला जातो, आणि विकणाराही बहुधा फक्त ‘तण कोणते’ एवढेच विचारतो, ‘पुढे काय पेरणार’ हे विचारत नाही. रुंद पानांच्या तणावरचे टू-फोर-डी मारल्यास पेरणीआधी तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत, आणि कोवळ्या हरळीवर ते तीन-चार कापण्या झाल्याशिवाय मारू नये.

पेंडीमेथॅलिनचा प्रभाव माती आणि पावसानुसार दोन ते चार महिने टिकू शकतो. तेवढ्यासाठी जमीन खोल खणू नये, कारण खालची तणाची बियाणी आणि लव्हाळ्याच्या गाठी त्यामुळे वर येतात. त्यापेक्षा अंगणातील वरची दोन इंच माती एका कुंडीत आणि औषध न पडलेली माती दुसऱ्या कुंडीत भरून दोन्हींत चिमूटभर हरळी पेरावी व तीन आठवड्यांनी मुळे धुऊन शेजारी ठेवून पाहावीत. नुसती हिरवी टोके पाहून निर्णय घेऊ नये. मुळे सारखी असतील तर, थंडी पडायला अवकाश असल्यास, लगेच पेरता येईल. तशी नसतील अथवा थंडी आली असेल, तर फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबणे हिताचे.

पैशांविषयी आमची भूमिका अशी : आपण नेलेल्या लॉटचे शंभर दाणे आपल्यासमोर ओल्या कागदावर ठेवू, आणि पिशवीवर छापलेल्या टक्केवारीपेक्षा उगवण कमी आढळली तर बियाण्याची पूर्ण किंमत परत करू. येताना पावती आणि उरलेले बियाणे, दोन्ही सोबत आणावे.