गे फादर आणि मुलांवरचे अत्याचार: त्या फॉरवर्डला उत्तर

मावशीने काल फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलाय. कॅथलिक चर्चमधले मुलांवरचे अत्याचार ही सगळी समलिंगी फादर लोकांची करणी, असल्यांना ब्रह्मचर्य जमतच नाही, आणि आता इटलीच्या बिशपांनी त्यांना सेमिनरीचं, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण देणाऱ्या संस्थेचं, दार सताड उघडून दिलंय, असं त्यात म्हटलंय. त्याच ग्रुपवर माझा मामेभाऊ आहे, तो स्वतः सेमिनरीत शिकतोय, त्यानेही हे वाचलं असणार, म्हणून गप्प बसवत नाहीये.

अत्याचाराचा मुद्दा सगळ्यात विषारी आहे. अमेरिकेतल्या बिशपांनी स्वतःच न्यूयॉर्कच्या जॉन जे या गुन्हेशास्त्राच्या कॉलेजकडून 1950 पासूनच्या प्रकरणांचा अभ्यास करून घेतला. त्यात 81 टक्के पीडित मुलगे निघाले, हे खरंय, आणि फॉरवर्डवाले तेवढाच आकडा उचलतात. पण त्याच कॉलेजचा 2011 चा अहवाल पुढे सांगतो की सेमिनरीत किंवा त्याआधी पुरुषांशी संबंध आलेल्या फादरांकडून मुलांवर अत्याचार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आढळली नाही. मग बहुतेक मुलगेच का? कारण फादरांच्या हाताशी जास्त करून मुलगेच असायचे, वेदीसेवेला, म्हणजे मिस्साच्या वेळी फादरांच्या मदतीला उभं राहायला, मुलींना वॅटिकनने स्पष्ट परवानगी दिली तीच मुळी 1994 मध्ये. आणि तक्रार आली की फादरची बदली करून प्रकरण दाबणारे बिशप, त्यांच्याबद्दल फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही! गुन्हा करणाऱ्याला सोडून भलत्याच्याच डोक्यावर खापर फोडलं तर ती मुलं सुरक्षित कशी होणार?

ब्रह्मचर्य जमत नाही म्हणे. अहो, शपथ सगळ्यांना एकच असते, बाईकडे ओढा असलेल्यालाही आयुष्यभर तेच पाळायचं असतं. आणि कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, समलिंगी माणसांना शुद्धतेचं, म्हणजे शरीरसंबंधांपासून दूर राहण्याचं, पाचारण आहे असं सांगतो, मग ती त्यांना अशक्य कशी?

इटलीचं म्हणाल तर अर्धं खरंय. जानेवारी 2025 च्या नियमावलीत उमेदवाराला फक्त त्याच्या समलिंगी कलावरून जोखू नका, त्याचं सगळं व्यक्तिमत्त्व बघा, असं आहे. पण 2005 चा वॅटिकनचा नियम, 'खोलवर रुजलेला' समलिंगी कल असलेल्यांना घेऊ नये हा, त्यातही तसाच उद्धृत केलाय. मला तो नियम पटत नाही, ब्रह्मचर्य नीट पाळणाऱ्याला नुसत्या कलावरून परत पाठवणं चूकच वाटतं, पण आहे ते आहे, दार सताड वगैरे काही उघडलेलं नाही.

मावशी, तो मेसेज प्लीज डिलीट कर, आणि पोराला एक फोन कर.