शब्द सुटा नव्हे, वाक्यासकट शिकावा

ॲपवर रोज २० नवे शब्द पाठ केले की सहा महिन्यांत परकी भाषा बोलता येते, हे भाषा शिकण्यावरील तुमच्या लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. बोरिवली-दादर लोकलमध्ये मी दीड वर्ष जर्मन शब्दांची कार्डे (एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ) फिरवली आहेत. ठरावीक अंतराने उजळणी करण्याची पद्धत गुणकारी आहे, यात शंका नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच विस्मरणाचा वेग मोजून तिचा पाया घातला होता. परंतु 'उमश्टायगेन' म्हणजे गाडी बदलणे, हे कार्ड एकदाही न चुकलेल्या मला, वर्गात बाईंनी 'इश श्टायगे इन दादर उम' (मी दादरला गाडी बदलते) असे साधे वाक्य उच्चारले तेव्हा, 'उम' तुटून वाक्याच्या शेवटी गेल्यामुळे तो शब्द ओळखताच आला नाही.

त्या दिवसापासून तयार याद्या बाजूला ठेवून मी अँकी या उजळणीच्या ॲपवर स्वतःची कार्डे करू लागलो: क्रियापद पूर्ण वाक्यात आणि नाम 'डेर', 'डी' किंवा 'डास' या उपपदासह. जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे असली तरी ती जुळतीलच असे नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, तर त्यांचा 'डी झोने' स्त्रीलिंगी. अशी पाच-सहा कार्डे करायला बोरिवली ते अंधेरी एवढा वेळ सहज जातो, पण ते शब्द बोलताना आपणहून तोंडात येतात. लेखात शब्दसंख्येवर इतका भर असताना या कामाचा उल्लेखही नसावा, याची खंत वाटते.