अकरा महिने

रविवारी संध्याकाळी बाळ्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आला तो तोंड पाडूनच. मालकाचा फोन आला होता. करार संपतोय, नवं भाडं ३८ हजार, जमत नसेल तर महिनाअखेर चावी द्या. सध्या तो ३० हजार भरतो. कांदिवलीचा वन बीएचके, आणि हातात पगार येतो ७४ हजार.

"मग दुसरी जागा बघ," नाना म्हणाले.

"दुसरी म्हणजे काय ते मोजा ना, नाना. डिपॉझिट दीड लाख. ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. टेम्पो, माणसं. जुनं एक लाख हा मालक चावी घेतल्यावर रंगाचे पैसे कापून सवडीने देणार. तोवर दोन लाख रोख कुठून आणू? आणि पोरगी दुसरीत आहे. शाळेत चालत जाते."

नानांचा डोंबिवलीला फ्लॅट आहे. भाडेकरूला ते अकरा महिन्यांच्या वर टिकू देत नाहीत. त्यामागचं कारण आम्हाला पाठ आहे, तरी त्यांनी परत सांगितलं. आजोबांची गिरगावात चाळ होती. १९४७ चा भाडे कायदा आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दरावर गोठली. पुढे त्या भाड्यात पावसाळ्याची ताडपत्रीही येईना. "माणूस एकदा आत बसला की उठत नाही, हे मी घरात बघितलंय," नाना म्हणाले.

मी लगेच काही बोललो नाही, कारण मी पागडीच्याच खोलीत वाढलो, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमच्या नाममात्र भाड्यावर घेतलेल्या खोलीत. आमचं भाडं आजही महिन्याला दोनशेच्या आत आहे. ज्या कायद्याने नानांच्या आजोबांना बुडवलं, त्याच कायद्यामुळे माझ्या वडिलांनी एका पगारात तीन मुलं शिकवली. नानांचं दुःख मला खोटं वाटत नाही. पण त्याची वसुली बाळ्याकडून का? तो काही पागडीवर बसलेला नाही.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा नाना चिडले. "उद्या तो उठला नाही तर तू येणार आहेस का कोर्टात?"

तेव्हा शकील मध्ये पडला. तो दिवसभर अंगठ्याचं मशीन घेऊन घरोघरी करार नोंदवत फिरतो. "नाना, तुम्ही भिताय पागडीला आणि देताय लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीवर. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम २४ आहे. मुदत संपूनही तो उठला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. जास्त राहील तेवढ्या दिवसांचं भाडं दुप्पट. पण करार रजिस्टर्ड हवा. तुमचा आहे ना?"

नाना गप्प. मग म्हणाले, "स्टॅम्प पेपरवर नोटरी केलाय."

"मग तुम्हीच उघड्यावर आहात. कलम ५५ प्रमाणे नोंदणी ही मालकाची जबाबदारी. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या."

खर्चाचा हिशेबही त्याने तिथेच केला. बाळ्याचं नवं भाडं अकरा महिन्यांचं ४ लाख १८ हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि एकूण रकमेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. अकराशेच्या आसपास. मुंबईत नोंदणी फी १ हजार. एवढ्यासाठी लोक जन्मभर कच्च्या कागदावर राहतात, याची मला फार चीड येते.

"आणि अकराच महिने का?" बाळ्याने विचारलं.

"सवय. वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून अकरावर थांबायची पद्धत पडली. आपल्याकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सही नोंदवावाच लागतो, मग वाचलं काय? त्याच पाव टक्क्यात ६० महिन्यांपर्यंत करार होतो. दरवर्षीची वाढ त्यातच लिहायची."

माझं म्हणणं नेमकं हेच आहे. मालकाच्या भीतीवर कायद्याने कधीच औषध दिलंय. मुदत संपताना किती वाढ मागायची, डिपॉझिट किती घ्यायचं, यावर मात्र लिव्ह अँड लायसन्समध्ये भाडेकरूला काही आधार नाही. त्याला मिळते ती मुदतच, आणि तीही आपण अकरा महिन्यांवर सोडून देतो. तीन वर्षं लिहून घेतली तर निदान पोरीची शाळा तरी सुटत नाही.

शकील मशीनच्या बॅगेची चेन लावत म्हणाला, "मी स्वतः आठ महिने घर शोधतोय. फोनवर फ्लॅट रिकामा असतो. नाव सांगितलं की कालच गेलेला असतो. त्याच बिल्डिंगमध्ये अंगठा घ्यायला गेलो की चहा देतात." यावर कुणालाच बोलता आलं नाही. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

नंतर नानाच बोलले. "वर्षाला पाच टक्के वाढ, तीन वर्षं, रजिस्टर करून. मी देईन की. पण इतक्या वर्षांत एकाही भाडेकरूने माझ्याकडे हे मागितलं नाही."

"मागितलं तर जागा जाईल ही भीती असते, नाना," बाळ्या म्हणाला. मग शकीलला म्हणाला, "उद्या मालकाकडे माझ्याबरोबर चल. ते कलमाचं तू सांग, पैशाचं मी बोलतो."