शिक्का नाही म्हणून चांदी नाही?

जुन्या दागिन्यांबद्दलचा एक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. म्हणणं थोडक्यात असं: खड्यांच्या ब्रोचवर शुद्धतेचा शिक्का (हॉलमार्क) नसेल तर तो चांदीचा नाही. चुंबकाला चिकटला नाही तर चांदीचाच. मागचा, पिन अडकवायचा आकडा साधा, बिनकुलपाचा असेल तर शंभर वर्षं जुना. काळा पडला असेल तर टूथपेस्टने घासा. पहिली दोन वाक्यं एकमेकांनाच खोडतात, हे पुढे ढकलणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आधी शिक्क्याचं बघू. ब्रिटनचा १९७३ चा कायदा ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीला शिक्क्यातून सूट देतो. लहानसहान वस्तूंना त्याआधीही सवलती होत्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले स्कॉटिश अगेटचे ब्रोच, म्हणजे चांदीच्या चौकटीत रंगीत दगडांचे काप बसवलेले, कितीतरी बिनशिक्क्याचेच मिळतात. अमेरिकेचा १९०६ चा कायदा शिक्का मारलाच तर तो खरा असावा एवढंच सांगतो. आपल्याकडे चांदीचं हॉलमार्किंग आजही ऐच्छिक आहे. मग गावच्या सोनाराने घडवलेल्या, पदराला लावायच्या ब्रोचवर शिक्का येणार कुठून? आणि खोटा ‘९२५’ (म्हणजे ९२.५ टक्के चांदी) ठोकायला एक पंच पुरतो.

चुंबकाने फार तर लोखंड कळतं. तांबं, पितळ आणि जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. नाव सोडलं तर त्यात चांदी नाही. सराफाकडे टंच काढून घ्यावा, म्हणजे धातूची शुद्धता तपासून घ्यावी. मात्र त्यासाठी वापरतात ते एक्स-रे मशीन वरचा थरच वाचतं, त्यामुळे मुलाम्याला फसतं. झिजलेल्या कडेवर तपासायला सांगा.

खरी गंमत वयाची. साधा आकडा जुन्या ब्रोचना असतो हे बरोबर, आणि फिरत्या कुलपाचा आकडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रूढ झाला हेही बरोबर. पण हाताने काम करणारे कारागीर साधा आकडा पुढेही लावत राहिले. शिवाय पिन मोडते, बदलली जाते. आकड्याच्या बुडाशी करड्या डागाचा, म्हणजे जोडायला वितळवलेल्या धातूचा, ओबडधोबड गोळा दिसला, तर आकडा मागाहून बसवला असण्याची शक्यता मोठी.

म्हणून मी आकड्यापेक्षा खड्यांवर जास्त भरवसा ठेवतो. भिंगाखाली माणकात वाकड्या, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेषा दिसल्या, तर ते बहुधा व्हर्नेय पद्धतीचं, म्हणजे ज्योतीत भुकटी वितळवून केलेलं कृत्रिम माणिक. ती पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली, तेव्हा असा खडा त्याआधीचा असण्याची शक्यता फार कमी. टांझानाइट हे निळंजांभळं रत्न सापडलं १९६७ मध्ये. क्यूबिक झिर्कोनिया हा हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा बाजारात आला १९७० च्या दशकात. खडाही बदललेला असू शकतो, म्हणून त्याच्या कोंदणाच्या कडा पुन्हा वाकवल्याच्या खुणा पाहाव्यात. तशा खुणा नसतील, तर ब्रोच त्यातल्या सर्वांत नव्या खड्याहून जुना नाही, मग आकडा काहीही म्हणो.

राहिली टूथपेस्ट. काळेपणा चांदीलाच येतो असं नाही, तांब्या-पितळेलाही येतो, म्हणजे पुरावा म्हणूनही तो कुचकामी. घासल्याने नक्षीच्या खोबणीतली जुनी काळी छटा जाते आणि मोती, ओपल, फिरोजा यांच्यावर चरे पडतात. मागे वर्ख लावलेले बंद कोंदणाचे खडे तर पाण्यात बुडवूच नयेत. आत पाणी शिरलं की वर्ख काळवंडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो.