ॲपनं सगळं सुटत नाही

लेखात म्हटलंय की पार्किंगचं ॲप आलं की कटकट संपली, मला नाही पटलं. ॲमस्टरडॅमला भाच्याकडे गेलो होतो, तिथलं पार्किंगचं मशीन गाडीचा नंबर टाइप करायला लावतं, नाणी घेत नाही, कार्डच पाहिजे, पण एकदा नंबर टाकला की काचेत चिठ्ठी ठेवायची भानगड नाही कारण तपासणी करणारी गाडी कॅमेऱ्यानं नंबर प्लेटच वाचत जाते. आता भाड्याच्या गाडीचा नंबर कोणाला पाठ असतो हो, जा परत पावसात बघायला! इंग्लंडात बऱ्याच मशीनवर चक्क लिहिलेलं असतं, सुटे परत मिळणार नाहीत. म्हणजे जास्त टाकले तर गेले.

मला विचाराल तर जर्मनीची पार्किंगची निळी चकती, घड्याळासारखी, सगळ्यात भारी, ना बॅटरी ना नेटवर्क, आलेल्या वेळेच्या पुढच्या अर्ध्या तासावर काटा लावायचा आणि काचेमागे ठेवून द्यायची, पैसे नाहीत, फक्त वेळेची मर्यादा. १९३५ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत पहिलं पार्किंग मीटर लागलं तेही असंच सोपं होतं, नाणं टाका नि गाडी लावा.

आमच्या इंदूरला राजवाड्याकडे रात्री सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारातल्या खाऊगल्लीत, खायला जाताना पार्किंगची पावती फाडणारा भिया (इंदुरी भैया) असतो, तो उलटी लावलेली गाडीसुद्धा काढून देतो, फक्त पावतीवर वेळ काय लिहिलीय ते त्यालाच कळतं 😄 इथे मशीन बसवायचंच असेल तर भर मे महिन्यात दुपारी उन्हात स्क्रीन दिसते का ते आधी बघा, आणि यूपीआयबरोबर नाण्याची फटही ठेवा, आमच्या काकू अजून रोखच वापरतात.