एकाच नमुन्याचा एनडीए (गोपनीयतेचा करार) सगळ्यांना चालत नाही

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे भागातल्या कारखानदारांमध्ये एक सल्ला फिरतोय: गोपनीयतेचा एकच नमुना ठेवा, ग्राहक, पुरवठादार, कामगार सगळ्यांची सही घ्या, सोडून जाणाऱ्याला दोन वर्षं त्याच धंद्यात बंदी घाला, दंड पन्नास लाख लिहा, स्टॅम्पपेपर असला की झालं.

एकच नमुना कसा पुरेल? पुण्याची पार्टी फाउंड्रीला ड्रॉइंग आणि पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून बनतो तो नमुना) देते तेव्हा गुपित तिचं असतं, एकतर्फी करार पुरतो. त्यात पॅटर्न कोणाच्या मालकीचा, मशिनिंग बाहेर देता येईल का, काम संपल्यावर ड्रॉइंगच्या प्रतींचं काय, एवढं हवंच. फिक्स्चर (मशीनवर जॉब धरून ठेवणारं साधन) दोघांनी मिळून बसवायचं असेल तर तुमचंही डोकं त्यात जातं. तिथे करार दुतर्फी पाहिजे. आपल्याकडे मात्र ऑर्डर हातची जाईल या धास्तीने समोरून आलेल्या कागदावर न वाचता सही होते.

दोन वर्षांची बंदी तर कोर्टात टिकतच नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कुणाला धंदा-नोकरीपासून रोखणारी अट तेवढ्यापुरती रद्द ठरते. काहीजण सुप्रीम कोर्टातल्या १९६७ च्या गोलिकरी खटल्याचा दाखला देतात, पण तिथली मनाई नोकरीच्या ठरलेल्या मुदतीतली होती. ड्रॉइंग, दर, गुप्त ग्राहकयादी नेऊ नये असं बांधता येतं. हातातलं कसब कामगाराचंच. अपवाद आहे तो धंद्याची पत (गुडविल) विकणाऱ्याचा. कुंद्याचं दुकान नावासकट विकणाऱ्याला ठरावीक हद्दीत, खरेदीदार तो धंदा चालवतोय तोवर, तसंच दुकान काढायला मनाई करता येते. तीही वाजवी असली तरच.

पन्नास लाखांचा आकडा भीती घालायला ठीक. त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तो कमाल मर्यादा. कोर्ट देणार वाजवी भरपाईच.

स्टॅम्प कमी असेल तर कागद पुराव्यात अडतो, पण पूर्ण स्टॅम्प लावून कच्ची अट पक्की होत नाही. कर्नाटकातल्या निपाणीचा माणूस महाराष्ट्रातल्या कागलच्या कारखान्याशी करार करतो तेव्हा सही कुठे झाली तेही बघावं लागतं, कारण दोन्ही राज्यांचे मुद्रांक कायदे वेगळे. कोर्ट कुठलं तेही लिहावं. मात्र ज्या कोर्टाला मुळात अधिकार पोचतो त्यांतलंच एक निवडता येतं. बेळगावशी व्यवहाराचा संबंधच नसेल, तर नुसतं ‘बेळगाव’ लिहून दावा इथे चालणार नाही.