घरी भूगोल शिकवायचाय? आधी अ‍ॅटलास घ्या

सुट्ट्या लागल्या की मुलांसाठी जगाची माहिती देणारे जाडजूड रंगीत ज्ञानकोश घेतले जातात. माझं स्पष्ट मत आहे, ते पैसे वाया जातात. पानागणिक देश बदलतो. झेंडा, राजधानी आणि सणाच्या पोशाखातला एक माणूस, संपलं. मुलांच्या डोक्यात जपान म्हणजे किमोनो आणि आफ्रिका म्हणजे एक देश, एवढंच उरतं.

त्याऐवजी एक चांगला शालेय अ‍ॅटलास घ्या आणि दुकानातच तपासा. लडाख केंद्रशासित (२०१९) दाखवलाय का? दक्षिण सुदान (२०११) वेगळा आहे का? नसेल तर आवृत्ती जुनी आहे. प्रत्येक नकाशावर प्रमाण हवं आणि शेवटी स्थळसूची हवीच. सूची नसेल तर मूल स्वतः काही शोधू शकत नाही, नुसती पानं चाळतं.

सुरुवात तापीपासून करा. तिच्या उगमापासून, म्हणजे मध्य प्रदेशातल्या मुलताईपासून, सुरतेजवळच्या समुद्रापर्यंत नदीच्या वळणांवर ओला दोरा बसवा, मग तो सरळ करून पट्टीवर मोजा. नकाशाचं प्रमाण १:४०,००,००० असेल तर १ सेंमी म्हणजे ४० किमी. तापीची लांबी ७२४ किमी, पण उत्तर त्याहून कमी येईल. मूल म्हणेल, चुकलं. चुकलेलं नसतं, लहान प्रमाणाच्या नकाशात बारीक वळणं गाळावीच लागतात. हे एकदा हाताने कळलं की प्रमाण वेगळं शिकवावं लागत नाही.

मग जगाचा नकाशा. जळगाव साधारण २१° उत्तर अक्षांशावर आहे. तिथून बोट पश्चिमेकडे सरकवत न्या: मक्का, मेक्सिकोतलं मेरिदा, होनोलुलू, हनोई, परत जळगाव. सगळी याच रेषेच्या आसपास, पण मक्केला वाळवंट आणि हनोईला दमट हवा. असं का, याचं उत्तर पर्जन्यमान आणि वाऱ्यांच्या पानांवर मुलालाच शोधू द्या. लगेच सांगून टाकू नका.

संस्कृतीची ओळख पोशाखापेक्षा ताटातून चांगली होते, आणि आपलं खानदेशी ताट त्यासाठी फार सोयीचं आहे. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीतली ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेची. सुदानमध्ये तिचंच पीठ आंबवून किस्रा नावाची पातळ पोळी करतात. ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणे, दोन्ही अमेरिका खंडातून आलेले. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या पोरांना तर युगांडा आवर्जून दाखवा. तिथे कच्ची केळी वाफवून, कुस्करून मटोके करतात, आणि ते रोजचं जेवण आहे.

बाकी पुस्तकांवर फार खर्च नको. बालभारतीची भूगोलाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. तिसरीचं परिसर अभ्यास तर जिल्हावार आहे, ते आधी वाचा. देशांच्या नोंदींसाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. भूरचना, इतिहास, लोकजीवन त्यातून घ्या. लोकसंख्या आणि उत्पादनाचे आकडे मात्र घेऊ नका, बऱ्याच नोंदी जुन्या आहेत. गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत भरपूर फुकट साहित्य आहे. गोष्ट आधी वाचायची, ठिकाण अ‍ॅटलासमध्ये नंतर शोधायचं. उलट केलं की मुलाला तो अभ्यास वाटतो आणि ते उठून जातं.